प्रतिनायक की प्रतिस्पर्धी? : ‘युरी!!! ऑन आइस’ मालिकेतील युरी प्लिसेत्स्की

क्रीडाविषयक कथेत नायकाइतकेच महत्त्व त्याच्या प्रतिस्पर्ध्यास असते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. नायकाचे सामर्थ्य कशाशी झगडून सिद्ध झाले हे कळल्यावाचून त्या सामर्थ्याचे मोजमाप होत नाही. तथापि हा प्रतिस्पर्धी म्हणजे आपल्या साहित्यशास्त्रातील प्रतिनायकच होय काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. धनंजयाने ‘दशरूपका’त प्रतिनायकाची जी लक्षणे सांगितली आहेत ती प्रसिद्ध आहेत. लोभी, उद्धत, हटवादी, पापाचरणी आणि व्यसनाधीन असा तो नायकाचा शत्रू होय. रामास रावण आणि युधिष्ठिरास दुर्योधन ही त्याची उदाहरणे. अशा प्रतिनायकाचा पराभव हाच कथेचा फलागम असतो. परंतु क्रीडेच्या मैदानावर नायकासमोर उभा राहणारा खेळाडू पापी असण्याचे कारण नाही, आणि त्याचा पराभव झालाच पाहिजे असेही नाही. मग त्याचे कथेतील कार्य कोणते? जपानमध्ये २०१६ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेलेल्या ‘युरी!!! ऑन आइस’ या बारा भागांच्या ॲनिमेशन मालिकेतील युरी प्लिसेत्स्की या पात्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येण्याजोगा आहे.

१. स्पर्शहीन स्पर्धेची अडचण

जपानी क्रीडाकथांमध्ये प्रतिस्पर्ध्याची परंपरा जुनी व समृद्ध आहे. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘आशिता नो जो’ ही मुष्टियुद्धाची चित्रकथा. ही कथा १९६८ ते १९७३ या काळात एका साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. तिच्यातील रिकिइशी तोरू हा नायक जो याच्याहून वरच्या वजनगटातला मुष्टियोद्धा. केवळ जोशी लढता यावे म्हणून तो आपले शरीर अमानुषपणे झिजवितो, सामना जिंकतो आणि प्राणास मुकतो. १९७० च्या मार्चमध्ये तोक्यो येथे वाचकांनी या काल्पनिक योद्ध्याचा प्रत्यक्ष अंत्यसंस्कार केला व त्यास शेकडो लोक उपस्थित राहिले. प्रतिस्पर्धी हा वाचकाच्या मनात नायकाच्या बरोबरीने घर करू शकतो, याचा यापेक्षा बोलका पुरावा क्वचितच सापडेल.

मुष्टियुद्धात ही किमया साधणे त्या मानाने सोपे आहे. तेथे दोन देह एकमेकांवर आदळतात. प्रत्येक ठोशाला प्रतिठोसा हे उत्तर असते. फिगर स्केटिंगची गोष्ट निराळी. या खेळात बर्फाच्या रिंगणात एका वेळी एकच खेळाडू असतो. त्याने उडी मारली की ती अडविण्यास दुसरा कोणी नसतो. एकाने आपले सादरीकरण संपवून बाहेर यावे आणि मगच दुसऱ्याने आत जावे, असा हा क्रम आहे. विजय ठरतो तो परीक्षकांनी दिलेल्या गुणांवर. म्हणजे ज्या क्षणी स्पर्धा चालू असते त्या क्षणी प्रतिस्पर्धी रंगमंचावर नसतोच. अशा खेळावर कथा रचणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती हीच : ज्याचा नायकाशी प्रत्यक्ष सामना होणेच शक्य नाही, त्यास प्रतिस्पर्धी म्हणून उभे करावे कसे?

२. कथेची रूपरेषा

सायो यामामोतो यांचे दिग्दर्शन, मित्सुरो कुबो यांचे मूळ कथालेखन आणि ‘मापा’ या संस्थेची निर्मिती असलेल्या या मालिकेतील स्केटिंगच्या रचना केंजी मियामोतो या व्यावसायिक नृत्यदिग्दर्शकाने बसविल्या. मियामोतो स्वतः आंतरराष्ट्रीय पातळीवर स्पर्धा केलेले स्केटर आहेत. त्यामुळे मालिकेतील उड्या, गिरक्या व पदन्यास खेळाच्या नियमांत बसणारे आहेत. प्लिसेत्स्कीचा विचार करताना ही बाब महत्त्वाची ठरते, कारण त्याचा स्वभाव संवादांइतकाच त्याच्या हालचालींतूनही प्रकट होतो.

कथानायक युरी कात्सुकी हा तेवीस वर्षांचा जपानी स्केटर. सोची येथे झालेल्या ग्राँ प्री मालिकेच्या अंतिम फेरीत तो शेवटच्या क्रमांकावर फेकला जातो. खचलेल्या मनाने तो क्यूशू बेटावरील हासेत्सु या आपल्या गावी परततो. हे गाव काल्पनिक असले तरी त्याचे चित्रण सागा प्रांतातील करात्सु शहरावरून केलेले आहे. तेथे तो लागोपाठ पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या व्हिक्टर निकिफोरोव्हची रचना एकांतात सादर करतो. तिचे चित्रण जगभर पसरते, आणि स्वतः व्हिक्टर त्याचा प्रशिक्षक होण्यासाठी हासेत्सुला येऊन धडकतो.

युरी प्लिसेत्स्की हा पंधरा वर्षांचा रशियन मुलगा. कनिष्ठ गटाचे विजेतेपद मिळवून तो वरिष्ठ गटात पाऊल टाकीत आहे. त्याच्या पदार्पणासाठी रचना बसवून देण्याचे वचन व्हिक्टरने त्यास दिले होते व तो ते विसरला. ते वचन वसूल करण्यासाठी प्लिसेत्स्की एकटाच रशियाहून जपानला येतो. स्वभावाने तो तापट, तोंडाळ आणि उर्मट आहे. तथापि त्याच्या रागाच्या मुळाशी हे न पाळले गेलेले वचन आहे, हे प्रेक्षकास आरंभीच कळते. धनंजयाच्या लक्षणांपैकी ‘उद्धत’ आणि ‘हटवादी’ ही दोन त्यास तंतोतंत लागू पडतात. ‘लोभी’ आणि ‘पापाचरणी’ ही मात्र मुळीच लागू पडत नाहीत. प्रतिनायकाच्या साच्याशी त्याची फारकत होते ती येथून.

३. एक नाव, दोन माणसे

दोघांचे नाव एकच असणे ही मालिकेतील पहिली महत्त्वाची योजना होय. सोचीच्या पराभवानंतर कात्सुकी स्वच्छतागृहात एकटाच रडत असता प्लिसेत्स्की दारावर लाथ मारतो आणि त्याच्यावर ओरडतो : वरिष्ठ गटात दोन युरींची गरज नाही, तेव्हा तू निवृत्त हो. या उद्गारात केवळ उद्धटपणा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु नाव हे जेथे अस्तित्वाचे प्रतीक असते तेथे दोघांस एकच नाव असणे म्हणजे एकाच जागेवर दोघांचा हक्क असणे होय. जी गोष्ट रिंगणात घडू शकत नाही, म्हणजे दोघांनी एकाच वेळी एकच जागा व्यापणे, ती कथेने नावात घडवून आणली आहे.

येथे जपानी लेखनपद्धतीचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. कात्सुकीचे नाव चिनी चित्रलिपीतील अक्षरांनी लिहिले जाते, तर प्लिसेत्स्कीचे नाव परकीय शब्दांसाठी वापरल्या जाणाऱ्या काताकाना लिपीत. मालिकेच्या शीर्षकातील ‘युरी’ हा शब्द काताकानातच आहे. साहजिकच शीर्षक नक्की कोणाचे, हा प्रश्न निर्माण होतो व तो शेवटपर्यंत मोकळा राहतो. हासेत्सु येथे घोटाळा टाळण्यासाठी कात्सुकीची थोरली बहीण या रशियन मुलास ‘युरिओ’ हे टोपणनाव देते. त्यास ते मुळीच आवडत नाही. परंतु ज्या घरात माणसास टोपणनाव मिळते त्या घराचा तो काही अंशी होतोच. शत्रूचे नामकरण घरातल्या माणसाने करावे, ही घटना प्रतिनायकाच्या कथेत बसणारी नाही.

४. विषयाची अदलाबदल

दोघांपैकी कोणास शिकवावे हे ठरविण्यासाठी व्हिक्टर एक कसोटी घालतो. प्रेम या एकाच विषयाच्या दोन बाजूंवर आधारलेल्या दोन रचना त्याच्याजवळ असतात. एक ‘इरॉस’, म्हणजे कामनामय प्रेम. दुसरी ‘अगापे’, म्हणजे निरपेक्ष प्रेम. भित्र्या व संकोची कात्सुकीस अगापे आणि आक्रमक प्लिसेत्स्कीस इरॉस मिळेल अशी अपेक्षा असते. व्हिक्टर नेमके उलट करतो. ज्याच्या ठायी जे नाही असे वाटते तेच त्याने शोधून काढावे, हा त्याचा हेतू.

या अदलाबदलीचा रचनेच्या दृष्टीने परिणाम असा की प्रत्येक युरीच्या वाट्यास दुसऱ्याचा स्वाभाविक भाव येतो. प्लिसेत्स्कीस निरपेक्ष प्रेम म्हणजे काय हे समजत नाही. त्यास देवळात ध्यानास बसविले जाते, धबधब्याखाली उभे केले जाते. त्या थंड पाण्याच्या माऱ्याखाली त्यास आठवण होते ती आपल्या आजोबांची. आपण जिंकलो काय अन् हरलो काय, ज्यांचे प्रेम कमी होणार नाही असे त्याच्या आयुष्यात हे एकच माणूस आहे. तरीही हासेत्सु येथील सादरीकरणात त्याचे लक्ष तांत्रिक अचूकतेकडेच राहते, आणि नंतर कात्सुकीचे सादरीकरण पाहत असता आपण हरलो हे तो मनोमन ओळखतो. निकालाची वाट न पाहता तो निघून जातो.

पराभव ओळखण्याची ही क्षमता हा प्लिसेत्स्कीच्या स्वभावाचा गाभा आहे. प्रतिनायक हा आंधळा असतो. आपल्या नाशाची चाहूल त्यास शेवटपर्यंत लागत नाही. प्लिसेत्स्की हा मालिकेतील सर्वांत डोळस प्रेक्षक आहे. स्पर्शहीन खेळातील प्रतिस्पर्ध्याच्या अडचणीवर मालिकेने शोधलेला उपाय तो हाच. एक युरी रिंगणात असतो तेव्हा दुसरा कठड्याशी किंवा पडद्यासमोर उभा राहून पाहत असतो, आणि त्या पाहण्यातच द्वंद्व घडते. रसशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर प्रतिस्पर्धी येथे आलंबन विभाव न राहता उद्दीपन विभावाचे कार्य करतो. नायकाच्या उत्साहाचा तो विषय नसतो. तो उत्साह चेतविणारे कारण असतो. विशेष असा की हे कार्य परस्पर आहे. प्लिसेत्स्कीच्या उत्साहास कात्सुकी तितकाच चेतवितो.

५. वाढत्या देहाची मुदत

प्लिसेत्स्कीच्या वयाकडे टीकाकाराने विशेष लक्ष दिले पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलाचा देह हलका व लवचीक असतो. चार फेऱ्यांच्या उड्यांस तो अनुकूल असतो. परंतु वाढीच्या वयात उंची व वजन बदलले की देहाचा गुरुत्वमध्य बदलतो, आणि अंगवळणी पडलेली उडी परकी होऊन बसते. ही गोष्ट त्यास पुरती ठाऊक आहे. म्हणूनच जिंकावयाचे ते याच वर्षी, या देहानिशी, अशी त्याची घाई आहे. बोल्शॉय नाट्यगृहातील पूर्वीची प्रमुख नर्तिका लिलिया बारानोव्स्काया हिच्याकडे तो शिस्तीत शिकू लागतो आणि तिच्या हाती स्वतःस संपूर्णपणे सोपवितो. त्याचे आडनावही त्याच नाट्यगृहाच्या माया प्लिसेत्स्काया या थोर नर्तिकेचे स्मरण करून देणारे आहे. रिकिइशीने वजन उतरवून देहावर जुलूम केला, तर प्लिसेत्स्की देहाच्या नैसर्गिक वाढीशी शर्यत लावतो. दोन्ही ठिकाणी प्रतिस्पर्ध्याची शोकात्मता देहातून उगम पावते. नायकाच्या देहाविषयी कथेने जे सांगावयाचे ते प्रतिस्पर्ध्याच्या देहावर अधिक तीव्रतेने लिहिले जाते.

या चित्रणास पुढील काळातील घटनांनी एक नवा अर्थ प्राप्त करून दिला आहे. २०१६ मधील नियमांनुसार पंधरा वर्षे पूर्ण झालेला खेळाडू वरिष्ठ गटात उतरू शकत असे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ च्या जूनमध्ये ही मर्यादा टप्प्याटप्प्याने सतरा वर्षांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला, व २०२४-२५ च्या हंगामापासून ती पूर्णपणे लागू झाली. कोवळ्या खेळाडूंच्या शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे रक्षण हे त्यामागील कारण सांगितले गेले. म्हणजे प्लिसेत्स्कीचा विजय आज वरिष्ठ गटात घडूच शकला नसता. मालिकेने ज्या घाईचे वर्णन केवळ त्या मुलाचा स्वभाव म्हणून केले होते, ती घाई त्या काळच्या संपूर्ण क्रीडाव्यवस्थेची होती, हे आता उघड दिसते. अशीच गोष्ट स्थळाची. मालिकेत प्लिसेत्स्की मॉस्को येथील स्पर्धेत स्वदेशीयांसमोर उतरतो. आजोबा पहिल्या दिवशी येऊ न शकल्याने त्याचा तोल ढळतो, आणि ते भेटल्यावर तो सावरतो. २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियन खेळाडूंवर बंदी आली व रशियातील स्पर्धा ग्राँ प्री मालिकेतून वगळली गेली. एका हलक्याफुलक्या वाटणाऱ्या मालिकेत अशा रीतीने एका मावळलेल्या क्रीडाजगताची नोंद राहून गेली आहे.

६. ०.१२ गुणांचा अर्थ

बार्सेलोना येथील अंतिम फेरीचा निकाल हा या पात्राच्या अभ्यासातील कळीचा भाग होय. तो समजण्यासाठी गुणदानाची पद्धत थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ज्येष्ठ रसिकांच्या परिचयाची ६.० गुणांची जुनी पद्धत खेळाडूंचे क्रमांक लावीत असे. दोन खेळाडूंमधील अंतर किती, यास अंतिम निकालात महत्त्व नसे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोडी स्केटिंगच्या निकालावरून मोठा वाद झाला व दोन जोड्यांना सुवर्णपदके द्यावी लागली. त्यानंतर २००४ मध्ये नवी पद्धत स्वीकारण्यात आली. तीत प्रत्येक उडीस, गिरकीस व पदन्यासास ठराविक मूळ मूल्य असते, अंमलबजावणीच्या दर्जाप्रमाणे त्यात वाढ वा घट होते, आणि कलात्मक अंगांचे गुण वेगळे मिळविले जातात. शॉर्ट प्रोग्रॅम आणि फ्री स्केटिंग या दोन्हींच्या गुणांची सरळ बेरीज करून विजेता ठरतो.

बार्सेलोनात प्लिसेत्स्की ‘अगापे’ या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ११८.५६ गुण मिळवून व्हिक्टरचा विक्रम मोडतो, कात्सुकीस ९७.८३ गुण मिळतात. फ्री स्केटिंगमध्ये कात्सुकी २२१.५८ गुण मिळवून व्हिक्टरचा दुसरा विक्रम मोडतो, प्लिसेत्स्कीस २००.९७ गुण मिळतात. एकूण बेरीज ३१९.५३ विरुद्ध ३१९.४१. पहिल्या दिवसाची आघाडी २०.७३ गुणांची, दुसऱ्या दिवसाची पिछाडी २०.६१ गुणांची, आणि दोहोंची वजाबाकी केवळ ०.१२. सुवर्णपदक प्लिसेत्स्कीस मिळते.

हे आकडे निव्वळ चमत्कृतीसाठी योजलेले नाहीत. गुरूचे दोन विक्रम दोन युरींनी एकेक करून वाटून घेतले आहेत. ज्या जागेसाठी आरंभी ‘दोन युरी नकोत’ असे म्हटले गेले, ती जागा भरून काढण्यास अखेर दोन युरी लागले. शिवाय हा अर्थ केवळ बेरजेच्या पद्धतीतच व्यक्त होऊ शकतो. क्रमांकांच्या जुन्या पद्धतीत तो हरवला असता. काल्पनिक गुणसंख्या वास्तवापासून फार दूर नाही, हेही नमूद केले पाहिजे. २०१५ च्या डिसेंबरमध्ये त्याच बार्सेलोना शहरात जपानच्या युझुरू हान्यूने ३३०.४३ गुणांचा तत्कालीन विश्वविक्रम केला होता.

येथे एक आक्षेप संभवतो. कात्सुकीस सुवर्णपदक मिळाले तर दोघांनी विवाह करावा, असे व्हिक्टर सर्वांसमक्ष बोलून गेलेला असतो. मग प्रतिस्पर्ध्याच्या विजयाने नायकाची फलप्राप्ती हिरावली गेली असे म्हणावे काय? याचे उत्तर प्लिसेत्स्कीच्या अखेरच्या सादरीकरणात आहे. या स्पर्धेनंतर कात्सुकी निवृत्त होण्याच्या विचारात आहे हे त्यास कळते, आणि तो संतापतो. रिंगणात उतरल्यावर त्याच्या मनात जे विचार येतात त्यांतून आरंभीच्या त्या लाथेचा खरा अर्थ उलगडतो. सोचीत कात्सुकीच्या उड्या चुकत होत्या, तरी त्याच्या पदन्यासावरून या मुलाची नजर हटली नव्हती. ज्याच्याविषयी मनात आदर उत्पन्न झाला त्याने स्वतःस इतके क्षुद्र करून घ्यावे, याचा तो राग होता. आता तो जिंकू पाहतो ते कात्सुकीस घालवून देण्यासाठी नव्हे. त्याने खेळ सोडू नये म्हणून. सुवर्ण हातून गेल्यामुळेच कात्सुकीस पुढे खेळत राहण्याचे कारण मिळते, आणि अखेरीस तो व्हिक्टरसह सेंट पीटर्सबर्ग येथे, प्लिसेत्स्कीच्याच शहरी, सरावासाठी जातो. ‘निवृत्त हो’ या आज्ञेने सुरू झालेली भूमिका ‘निवृत्त होऊ नकोस’ या मागणीशी येऊन थांबते.

७. समारोप

मालिकेतील इतर प्रतिस्पर्धी या पात्रास उठाव देतात. कॅनडाचा जाँ-जाक लरॉय हा स्वतःच्या ‘राजेपणा’च्या ओझ्याखाली ऐन अंतिम फेरीत कोसळतो, कझाकस्तानचा ओताबेक आल्तिन मितभाषी असून प्लिसेत्स्कीपुढे मैत्रीचा हात करतो. प्रतिस्पर्धा, दुर्बलता आणि मैत्री ही तीन सूत्रे त्यांच्यात सुटी सुटी दिसतात; प्लिसेत्स्कीत ती एकत्र गुंफलेली आहेत. मॉस्कोत हताश झालेल्या कात्सुकीस शोधून काढून तो त्यास लाथ घालतो, आणि पाठोपाठ वाढदिवसाची भेट म्हणून आजोबांनी केलेले पिरोश्की हातावर ठेवतो. या रशियन पदार्थात सारण असते ते कात्सुकीच्या घरच्या आवडत्या कात्सुदोनचे. लाथ आणि घास या दोन कृती लागोपाठ घडाव्यात, यात या नात्याचे संपूर्ण स्वरूप सामावले आहे.

यावरून असे म्हणता येईल की क्रीडाकथेतील प्रतिस्पर्धी ही प्रतिनायकाहून वेगळी कोटी मानली पाहिजे. प्रतिनायक नायकाचा अभाव इच्छितो. प्रतिस्पर्धी त्याचा भाव, म्हणजे त्याने असावे व पूर्ण सामर्थ्यानिशी असावे, अशी इच्छा करतो. प्रतिनायकाच्या नाशाने कथा पूर्ण होते. प्रतिस्पर्ध्याच्या विजयानेही ती पूर्ण होऊ शकते. या मालिकेवर आधारलेला म्हणून जाहीर झालेला चित्रपट २०२४ च्या एप्रिलमध्ये रद्द करण्यात आल्याचे निर्मात्यांनी कळविले. वाढलेल्या देहाचा प्लिसेत्स्की पडद्यावर कसा उतरला असता, हे प्रेक्षकांस पाहावयास मिळाले नाही. तो पंधरा वर्षांचाच राहिला आहे, आणि ०.१२ गुणांनी पुढे आहे.